चिंचोक्याचा कौल

आमच्या बँकेच्या चेन्नईतल्या अंबत्तूर शाखेत कार्तिक नावाचा एक तरुण अधिकारी आहे. कर्जाच्या फायली तो जितक्या नाइलाजाने उघडतो, तितक्याच हौसेने गेम खेळतो. गेल्या महिन्यात तो माझ्या टेबलाशी आला आणि मोबाइल नाकासमोर धरला. नव्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधली चित्रं उमटवणारं यंत्र, बाजारात आलं होतं आणि त्याची किंमत एका बऱ्या स्कूटरएवढी होती.

"मॅडम, वर्थ आ?" त्याने विचारलं. म्हणजे पैसे वसूल होतील का.

शाखेत हा प्रश्न माझ्याकडेच येतो. चाळिशी ओलांडलेली ही सांगलीची बाई रोज संध्याकाळी पुण्यातल्या भावाबरोबर कंप्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याची लाज वाटायची कधीच थांबली. पूर्वी या प्रश्नाला माझं एकच उत्तर असायचं, सेतुरावांकडे जा. त्या दिवशीही ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. सेतुराव जाऊन वर्ष होत आलं. कार्तिकला उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन नुसती बसून राहिले. सेतुराव असते तर त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नसतं. "बसा," म्हणाले असते.

सेतुरावांचं दुकान अंबत्तूरला, एका शिंप्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. कंप्युटर जोडून देणं, दुरुस्त करणं, आणि ज्यांना गेमचं वेड आहे त्यांना ग्राफिक्स कार्ड विकणं हा धंदा. विकणं म्हणायचं ते जपूनच, कारण गिऱ्हाइकाने कार्ड घेऊ नये म्हणून इतके कष्ट घेणारा दुसरा दुकानदार मी पाहिलेला नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि एक रंगाऱ्याचा ब्रश, कपाळावर गोपीचंदन. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचे. कुणी कंप्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवला की हळूच तो उचलून बाजूला ठेवायचे, जणू हात त्या माणसाचा नव्हेच.

मी चेन्नईला बदलून आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. दिवाळीचा बोनस हातात होता आणि नवं कार्ड घ्यायचं पक्कं ठरवून मी त्यांच्या दुकानात शिरले. इंग्रजी, हिंदी आणि हातवारे असं सगळं पणाला लावून झालं. तेवढ्यात मागच्या दारातून एक बाई डोकावल्या आणि त्यांना म्हणाल्या, "जेवायला येतां काय, सारं गार होतंय." मी चमकून बघितलं. ते मराठी होतं. सूर सगळा तमिळ, पण शब्द आमचेच, पणजीच्या तोंडून ऐकल्यासारखे. मी मराठीत बोलले तेव्हा सेतुरावांना माझ्यापेक्षा जास्त हसू आलं. त्यांच्या मते माझं मराठी निम्मं हिंदीच होतं. त्यांचं घराणं तंजावरकडचं, पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता आणि तिथल्या हॉटेलात आमटी मागवली तर ती गोड आली, याचा राग त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही.

तर, मला नवं कार्ड हवं होतं. त्यांनी मला कुठला गेम खेळता, मॉनिटर केवढा, पडद्यापासून किती लांब बसता हे विचारून घेतलं आणि म्हणाले, "बसा."

दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर एकच मॉनिटर. मॉनिटरच्या मागे जुन्या चादरीचा पडदा आणि पडद्याआड दोन सारखी कॅबिनेटं. एकात नवं कार्ड, एकात आधीच्या पिढीचं. पडद्यामागे त्यांच्या बायको, कमलाबाई, मघाशी जेवायला बोलावणाऱ्या, स्टुलावर बसायच्या. त्यांच्या मांडीवर स्टीलचं ताट आणि त्यात सात चिंचोके. एका बाजूने फरशीवर घासून पांढरे केलेले. इकडच्या घरांत बायका अशा चिंचोक्यांचे फासे करून खेळतात. कमलाबाई एक चिंचोका टाकायच्या. पांढरी बाजू वर आली तर नवं कार्ड, काळी आली तर जुनं. तसा मॉनिटर त्या त्या कॅबिनेटला जोडणारा खटका फिरवायच्या आणि "खेळा" म्हणायच्या. पाच मिनिटं खेळायचं, मग सांगायचं, हे नवं की जुनं. असं सात वेळा. टाकलेले चिंचोके जसे पडले तसे ताटात ओळीने राहायचे आणि शेवटी ताट बाहेर यायचं. सातांत सहा बरोबर आले तर सेतुराव नवं कार्ड विकणार, नाहीतर नाही.

खटका स्वतः का फिरवत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, "मला ठावें असलं तर माझं तोंड सांगून टाकतं."

पंख्यांच्या आवाजावरून कुणी ओळखू नये म्हणून पडद्याआड एक तिसराच पंखा घरघरत ठेवलेला असायचा. मॉनिटरवर कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा, आकडा दाखवायची सोय असते, ती ते आधी बंद करायचे. मी कुरकुरले, कारण आकड्यावाचून गेम खेळणं म्हणजे मला काट्यावाचून वजन करण्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "आकडा बघायला आलां काय, गेम खेळायला आलां?"

माझे सातांत तीन बरोबर आले. मला इतका राग आला की मी पुन्हा बसते म्हणाले. दुसऱ्या खेपेला चार आले. सेतुरावांनी मला आधीच्या पिढीचं कार्ड दिलं, वर ब्रशने कॅबिनेट झाडून दिलं आणि बाकीच्या पैशांत एक बरी खुर्ची घ्या म्हणून सांगितलं. खुर्ची मी घेतली. अजून तिच्यावरच बसते.

ही सगळी तऱ्हा त्यांनी आणली होती कारखान्यातून. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. मोटारीचे बारीक भाग मापात आहेत की नाहीत हे बघायचं. पण त्याआधी, रोज सकाळी, ज्या मापाने तपासायचं ते मापच बरोबर आहे का हे बघायचं. माप झिजलेलं निघालं तर ते मागच्या वेळी बरोबर ठरल्यापासून जेवढा माल पास केला, तेवढा सगळा परत मागवायचा. एकदा त्यांनी भरलेला ट्रक फाटकातून परत आणवला होता. मालक अंगावर धावून आले. त्या ट्रकमधला एकसुद्धा भाग मापाबाहेर निघाला नाही. सेतुराव हे सांगताना मालकाची नक्कल फार छान करायचे, पण आपलं चुकलं असं त्यांना कधी वाटलं नाही.

दुकानातही ते सकाळचं माप चालूच होतं, फक्त इथे माप ते स्वतः होते. शिफ्टमुळे ज्यांना येऊन तासभर बसणं जमायचं नाही असे पुष्कळ लोक फोनवर त्यांनाच विचारायचे, तुम्हीच बघून सांगा. म्हणून नवं कार्ड आलं की ते आठ दिवस आपण खेळायचे. खेळायचे म्हणजे काय, तर लढाईच्या गेममधला एखादा धिप्पाड योद्धा घ्यायचे आणि त्याला समुद्रकाठी फिरायला न्यायचे. तलवार म्यानात. पाण्यावरचं ऊन बघ, झाडाच्या सावलीत उभा राहा, भिंतीवरचं शेवाळ बघ. मागून कुणीतरी येऊन मुंडकं उडवायचं. "कोण मारला?" ते दर वेळी तितक्याच आश्चर्याने विचारायचे. आणि रोज सकाळी पूजा आणि कॉफी झाली, की शटर उघडण्याआधी ते टेबलाशी बसायचे, पडद्याआड कमलाबाई चिंचोका टाकायच्या. "हें नवं," सेतुराव म्हणायचे. आतून आवाज यायचा, "सरि." सरि म्हणजे बरोबर. इतकं झालं की दुकान उघडायचं.

लोकांना वाटायचं म्हातारा नव्याच्या विरुद्ध आहे. तसं नव्हतं. ज्याला फरक दिसायचा त्याला ते आनंदाने नवं द्यायचे, वर कॉफी पाजायचे. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की जास्तीचे पैसे ज्या सुखासाठी देतोस ते तुला होतंय की नुसतं कुणी सांगितलंय, हे घरी नेण्याआधी बघून घे. नव्या कार्डांत दोन खऱ्या चित्रांच्या मधलं चित्र कार्डच रचून घालतं, त्याचं तर त्यांना फार कौतुक होतं आणि तितकाच संशय. वाढप्याने न वाढताच पोट भरल्यासारखं वाटायला लावावं, तसलं काहीतरी हे आहे म्हणायचे. "भरलं कीं नाहीं हें मात्र जेवणारा सांगावा," असंही वर म्हणायचे.

मग एका वर्षी कार्डांची पुढची पिढी आली. किंमत अशी, की माझ्या भावाने पुण्याहून फोन करून हसून घेतलं. मार्च सुरू होता, शाखेत मान वर करायला फुरसत नव्हती. मी सेतुरावांना फोनवर विचारलं. आठ दिवस बघून त्यांनी निकाल दिला, जुनंच ठेवा, फरक नाही. मी तो शाखेत सगळ्यांना सांगून टाकला. त्यांनी आणखी कितीतरी लोकांना तेच सांगितलं. कुणी अंबत्तूरजवळच्या आवडी गावातल्या सरकारी वसाहतीतले, कुणी कारखान्यांतले, एक तर थेट चेन्नईबाहेरच्या कोवलमचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. सगळ्यांनी ऐकलं. सेतुरावांनी सांगितलं म्हणजे झालं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी मी दुकानात होते. सेल्वम नावाचा एक शांत माणूस आला. आवडीला एका कारखान्यात तो भिंगं तपासायच्या कामावर होता. आपल्याच जातीचा माणूस आला म्हणून सेतुराव खुश झाले. तो टेबलाशी बसला, आम्ही दोघं त्याच्या मागे उभे राहिलो. त्यांची एक खोड होती, गिऱ्हाईक खेळत असताना आपलंही उत्तर शेजारच्याच्या कानात सांगायचं. त्या दिवशी शेजारी मी होते. सेल्वमने नवं म्हटलं तेव्हा ते माझ्या कानात जुनं म्हणाले. पुढच्या खेपेलाही तसंच. मला वाटलं, चुकतोय बिचारा.

ताट बाहेर आलं. सेल्वमची सातही बरोबर होती.

सेतुरावांनी ताट हातात घेतलं आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी सेल्वमला नवं कार्ड बांधून दिलं, कॉफी दिली, जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत आले आणि अर्धं शटर ओढलं. मी निघते म्हणाले तर मान हलवली, थांबा.

"कमला," त्यांनी हाक मारली. त्या पदराला हात पुसत पडद्यातून बाहेर आल्या. "सकाळीं मी बरोबर सांगत होतो काय?"

खालच्या शिंप्याचं मशीन तेवढं चालू होतं.

"मार्गळीपासून नाहीं," त्या म्हणाल्या. "कधीं येत होतं, कधीं नाहीं."

मार्गळी म्हणजे साधारण आपला पौष, डिसेंबर-जानेवारी. चार महिने झाले होते.

"मग सरि म्हणून कां सांगटलीस?"

"सरि ऐकलां कीं दिवसभर हसून असतां," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गेमच तर आहे."

मी तिथे नसते तर बरं झालं असतं. सेतुराव रागावले नाहीत. रागावले असते तर त्या बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, चिंचोके ओंजळीत गोळा केले. कमलाबाईंनी चार महिने रोज सकाळी नवऱ्याच्या तोंडावरचं हसू टिकवलं होतं, यात वाईट काय ते मला तेव्हाही कळलं नाही. पण मी तपासनीस नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं बरंचसं गेलं होतं, अंधुक उजेडातलं बारीकसारीक दिसेनासं झालं होतं. इतकं होऊनही यांना कळलं नाही, याचं डॉक्टरांना नवल वाटलं नाही. तो असाच गुपचूप येतो म्हणे.

पुढच्या रविवारपासून सेतुरावांनी माल परत मागवायला सुरुवात केली. मापच झिजलेलं निघालं होतं, तेव्हा त्या मापाने पास केलेलं सगळं पुन्हा बघायला हवं होतं. पौषापासून ज्यांना ज्यांना त्यांनी फोनवर निकाल सांगितला होता, त्या प्रत्येकाच्या घरी जायचं, तिथेच पडदा लावायचा आणि सात चिंचोके टाकायचे. ज्याला फरक दिसेल त्याचं जुनं कार्ड परत घ्यायचं आणि त्याने दिले होते तेवढे सगळे पैसे नव्याच्या किमतीतून वजा करायचे. तिरुच्चीहून मुलीने फोनवर खूप समजावलं. दुकान बुडेल म्हणाली. सेतुरावांनी तिला जावयाची तब्येत विचारली.

अशी ती दोघं निघायची. त्यांच्या छातीशी चादरीत बांधलेलं एक लहान कॅबिनेट, त्यात नवं कार्ड. कमलाबाईंच्या पिशवीत खटका, ताट, चिंचोके आणि दहीभाताचा डबा. बस, लोकल, पुन्हा बस. लोक वैतागायचे. सर, सोडा हो, आमचं बरं चाललंय म्हणायचे. काहींना दारात बघून वाटायचं म्हातारा काहीतरी विकायला आलाय. कोवलमचा बोटवाला मात्र इतका खुश झाला, की परीक्षा झाल्यावर त्याने शेरभर सुकट पुडक्यात बांधून प्रेमाने हातात दिली. हे दोघं कांद्यालासुद्धा विचार करून हात लावणारे. नाही म्हणवेना, टाकवेना. दोन तास बसमध्ये ते पुडकं मांडीवर घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी शाखेत येऊन माझ्या टेबलावर ठेवलं. सगळी शाखा नाक धरून बघत होती. मी ते आठवडाभर चवीने खाल्लं.

बहुतेक सगळीकडे निकाल पहिल्यासारखाच लागला. लोकांना फरक दिसत नव्हता. तिघांना दिसला, त्यांची कार्डं बदलून दिली. मी म्हटलं, बघा, तुमचं सांगणं जवळजवळ बरोबरच होतं की. यावर त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या हाताकडे, बघितलं.

"उत्तर बरोबर आलं म्हणून माप बरोबर होतं काय?"

या फेऱ्यांत एक गोष्ट नवी होती. पडद्याआड कमलाबाई बसल्या, की सेतुराव त्या घरातल्या कुणाला तरी त्यांच्या शेजारी बसायला सांगायचे. चिंचोका कसा पडला, ते दोघांनी बघायचं. कुणाची सासू, कुणाचा भाऊ. कमलाबाई सरकून जागा करून द्यायच्या.

मला त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. जूनमधल्या एका रविवारी दोघं आवडीतल्या माझ्या फ्लॅटवर आली. ते माझ्या मशीनवर गेम चढवत बसले आणि मी स्वयंपाकघरात कॉफी करायला गेले, तर कमलाबाई मागोमाग आल्या. मी त्यांना मामी म्हणायचे. मामी, दमलात हो, असं काहीतरी मी म्हणाले. त्या म्हणाल्या, दमणं काही नाही. शेजारी माणूस बसवतात त्याचंही काही नाही, त्यांचं बरोबरच आहे.

"पण त्या दिवसापासून मला कांहीं विचारलं नाहींत," त्या म्हणाल्या. "सारांत मीठ आहे काय म्हणून नाहीं, वेळ किती झाली म्हणून नाहीं. घड्याळ दिसत नाहीं तर खालीं जाऊन शिंप्याला विचारून येतात."

त्यांनी हे रडत वगैरे सांगितलं नाही. दूध उतू जात होतं, ते त्यांनीच खाली उतरवलं.

शेजारच्या वसंताअक्कांना मी बोलावून आणलं. त्या मामींच्या शेजारी बसल्या. पहिला चिंचोका पडल्याचा आवाज आला आणि मी खेळायला लागले. इतकी वर्षं रोज खेळून माझे डोळे सुधारले होते की कार्डच तसं होतं, कुणास ठाऊक, पण मला दिसलं. दूरच्या डोंगरावरची झाडं एकमेकांत मिसळत नव्हती. गाडीच्या बॉनेटवरून पानांची सावली सरकत गेली तर तिची कड कुठे फुटत नव्हती. मनात आलं, खोटं बोलावं. फरक नाही म्हणावं, शेवटचं घर तरी सुखाचं होऊ द्यावं. पण एकीने आधीच तसं केलं होतं आणि ती पडद्याआड बसली होती. मी खरं ते सांगितलं. सातांत सहा आले.

"काय दिसलं, सांगा," सेतुराव म्हणाले. मी डोंगरातली झाडं सांगितली, बॉनेटवरची सावली सांगितली. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा सावलीचं पुन्हा सांगायला लावलं. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझं जुनं कार्ड सोडवायला वाकले.

मी म्हटलं, मला नवं नको.

त्यांना वाटलं मी भीड धरते आहे. तसं नव्हतं, आणि ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही. मला फरक दिसत होता. छान दिसत होता. पण त्या सावलीसाठी मी खेळत नव्हते. मी खेळत होते ते आठव्या वळणावर भावाची गाडी कठड्यावर आपटली, की त्याच्या शिव्या कानात ऐकायला, आणि तो कठडा दोन्ही कार्डांत तितकाच टणक होता. सेतुराव वाकल्या जागीच थांबले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या चाचणीत ज्याला दिसतं तो घेतो, ज्याला दिसत नाही तो घेत नाही, असे दोनच खण होते.

"दिसतं, पण नको," ते स्वतःशीच म्हणाले. मग हसायला लागले. एप्रिलनंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्याच महिन्यात दुकान बंद झालं. ती दोघं तिरुच्चीला मुलीकडे गेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, उरलं होतं तेवढं वाचलं. मामींचा अधूनमधून फोन यायचा. गेल्या वर्षी मुलीचा आला, तेव्हा उचलतानाच मला कळलं. जाणं झालं नाही, मार्च होता. त्याची चुटपुट मला अजून आहे आणि ती जाणार नाही. कार्तिकला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ओके मॅडम, पण घेऊ की नको?" मी त्याला म्हटलं, आधी दोन्हींवर खेळून बघ. दिसलं, तर ते तुला कशासाठी हवंय ते स्वतःला विचार. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मला सेतुराव आठवतात ते त्या जूनच्या रविवारचेच. संध्याकाळी मी त्यांना आवडीतल्या बसथांब्यावर सोडायला गेले. ऊन तोंडावर येत होतं. त्यांनी चादरीत बांधलेलं कॅबिनेट छातीशी धरलं होतं, मामी दोन पावलं मागे पिशवी घेऊन उभ्या. येताना त्यांनी बसचा नंबर कुणा शेंगदाणेवाल्याला विचारला होता म्हणे, मामी शेजारी असताना. आता एक बस वळून येत होती. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी करून बघितलं, पाटी काही लागली नाही. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते मागे वळले.

"कमला, आपली काय?"

मामी दोन पावलं पुढे आल्या. "आपलीच," त्या म्हणाल्या.

"हो मामा, अंबत्तूरचीच आहे," मी घाईने म्हटलं.

त्यांनी एक हात मोकळा करून मला थांबवलं.

"तिनं सांगटलं कीं," ते म्हणाले, आणि पायरीवर पाय ठेवला. मागून मामी चढल्या, एका हातात पिशवी, दुसरा त्यांच्या पाठीला. बस हलली. मामींचं माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं.